दोन-तीन मोटारसायकली, चालवणारा एक: विमा कमी खर्चात कसा बसवायचा

माझी जुनी मोटारसायकल पाच महिने कव्हरखाली उभी होती. एका सकाळी सर्व्हिसिंगला न्यायला काढली आणि दुसऱ्याच वळणावर कुत्रं आडवं आलं. त्याला चुकवताना हँडलचं टोक बाजूला उभ्या असलेल्या कारच्या दाराला घासलं आणि पत्र्यावर हातभर लांब ओरखडा उठला. कारमालक शांतपणे उतरले आणि म्हणाले, "कागद दाखवा." मी डिकीतली पिशवी काढली, पॉलिसी उलगडली आणि तारीख पाहिली. सात आठवड्यांपूर्वीच संपली होती. आठवणीचा मेसेज गेला होता, पण मी कधीच बंद केलेल्या नंबरवर. घरी रोजची गाडी होती, तिचा विमा भरभक्कम होता, पण तो त्या गाडीचा होता. दाराचे पैसे मी खिशातून भरले.

दुसरी मोटारसायकल घेतली की जवळजवळ सगळे एकच करतात: पहिलीची पॉलिसी आहे तशीच दुसरीला लावतात, तिसरी आली की तिलाही. तीन हप्ते, तीन तारखा, आणि ज्याची गरज नाही असं कव्हर तिन्हींवर. मग कंटाळून एखादीचा विमा राहून जातो. कंपनीशी घासाघीस करून यातलं फारसं वाचत नाही. वाचतं ते प्रत्येक गाडीचं काम वेगळं ओळखल्याने, आणि चालवणारे आपण एकच असल्यामुळे एका वेळी एकच गाडी रस्त्यावर असते, या गोष्टीचा हिशेब कंपनीला करायला लावल्याने. कसं करायचं ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: वही उघडा

दरपत्रक मागवण्याआधी एक तास काढा. प्रत्येक गाडीसाठी वहीचं एक पान. नोंदणी क्रमांक, उत्पादनाचं वर्ष, इंजिनाची क्षमता, इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर. चॅसिस नंबर नोंदणीच्या कागदावरून उतरवून थांबू नका, गाडीवरून वाचा. बहुतेक मोटारसायकलींवर तो हँडलच्या खाली, फ्रेमच्या मानेवर कोरलेला असतो. हँडल एका बाजूला पूर्ण वळवा, चिंधीने ग्रीस आणि धूळ पुसा, टॉर्च तिरकी धरा म्हणजे खोदलेल्या अक्षरांत सावली पडते, आणि मोबाईलने फोटो काढा. मग कागदावरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून पाहा. ० आणि ओ, ८ आणि बी यांची अदलाबदल पॉलिसीवर उतरली, तर ती सापडते नेमकी क्लेमच्या दिवशी, आणि तेव्हा दुरुस्तीची पत्रापत्री करायला तुमच्याकडे वेळ नसतो. गाडी सेकंडहँड असेल तर हे काम अजिबात टाळू नका.

त्याच पानावर सध्याच्या पॉलिसीची शेवटची तारीख, आतापर्यंतचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आणि गेल्या काही वर्षांतले क्लेम लिहा. गाडीत केलेले बदलही लिहा: सायलेन्सर, हँडल, क्रॅश गार्ड, जास्तीचे दिवे. हे पुढे कंपनीला सांगायचंच आहे.

दुसरी पायरी: कुठली गाडी कशासाठी

प्रत्येक पानावर चार गोष्टींची उत्तरं लिहा. वर्षाला साधारण किती किलोमीटर? रात्री कुठे उभी असते? कोण कोण चालवतं? उद्या चोरीला गेली तर तशीच गाडी परत घ्यायला लागेल का, आणि ते पैसे तुमच्याकडे आहेत का?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. रोज कामावर जाण्याची गाडी गेली तर दुसऱ्या दिवशी तुमचं काम अडतं. पंधरा वर्षांची, महिन्यातून दोनदा निघणारी गाडी गेली तर मनाला लागेल, पण संसाराला धक्का बसणार नाही. या दोघींना सारखाच विमा कशाला?

चालवणाऱ्यांबद्दलचा नियम देशागणिक फार बदलतो. भारतात पॉलिसी मालकाच्या नावाने असते आणि वैध परवाना असलेल्या कोणी मालकाच्या संमतीने गाडी चालवली तरी सहसा संरक्षण टिकतं. ब्रिटनमध्ये मोटारसायकलच्या पॉलिसीवर ज्यांची नावं नोंदवली आहेत त्यांनाच ते मिळतं, आणि तिथे तिन्ही गाड्यांवर घरातल्या सगळ्यांची नावं टाकली की हप्ता वाढतो. ज्या गाडीला ज्याचा हात लागतो, त्याचंच नाव त्या गाडीवर घाला. मात्र उलट लबाडीही करू नका. मुलगा रोज चालवत असलेली गाडी अनुभवी बापाच्या नावाने दाखवली की हप्ता कमी होतो खरा, पण अपघातानंतर चौकशीत उघड झालं तर क्लेम नाकारला जातो, आणि जखमी माणसाची भरपाई तुमच्या गळ्यात येऊ शकते.

तिसरी पायरी: कव्हरचे थर

दुचाकीच्या विम्याचे ढोबळ तीन थर असतात. सगळ्यांत खालचा थर्ड पार्टीचा: तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली, कोणाचा जीव गेला किंवा मालमत्तेचं नुकसान झालं तर. बहुतेक देशांत हा कायद्याने सक्तीचा आहे. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ तेच सांगतं. यात काटछाट करायला जाऊ नका. पत्र्याचं नुकसान माणूस सोसतो, एखाद्या कुटुंबाच्या कर्त्या माणसाची भरपाई सोसत नाही. मधला थर चोरी आणि आग. वरचा थर स्वतःच्या गाडीचं अपघाती नुकसान.

भारतातल्या वाचकांनी एक फरक डोक्यात पक्का ठेवावा. थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनाच्या क्षमतेनुसार सरकार ठरवतं: ७५ सीसीपर्यंत, ७५ ते १५०, १५० ते ३५० आणि ३५० च्या वर असे चार गट आहेत. त्यात कंपनी सूट देऊ शकत नाही. म्हणून थर्ड पार्टीसाठी दहा ठिकाणी फिरण्यात अर्थ नाही. फिरायचं ते स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यासाठी. दुसरं, सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी एकदम घ्यावी लागते. वरचा थर मात्र अनेकदा एकाच वर्षाचा असतो. "पाच वर्षांचा विमा आहे" असं म्हणत निर्धास्त राहिलेले कितीतरी जण मला भेटले आहेत, आणि त्यांच्या गाडीचा वरचा थर पहिल्या वाढदिवसालाच गळून पडलेला होता. पॉलिसीवर दोन तारखा असतात. दोन्ही वहीत लिहा.

जुन्या गाडीवर वरचा थर ठेवायचा की नाही, हे ठरवताना गाडीची विम्यातली किंमत पाहा. भारतात तिला आयडीव्ही म्हणतात आणि ती वयाबरोबर तक्त्यानुसार उतरते: एक ते दोन वर्षांच्या गाडीवर २० टक्के घसारा, दोन ते तीनवर ३०, तीन ते चारवर ४०, चार ते पाचवर ५०. त्यापुढे किंमत मालक आणि कंपनी आपसात ठरवतात. गाडी पूर्ण गेली तरी यापेक्षा जास्त मिळत नाही. मग वर्षाचा हप्ता आणि क्लेमच्या वेळी स्वतः भरायची रक्कम त्या किमतीतून वजा करा. हाती उरणारा आकडा तुम्हाला किरकोळ वाटत असेल, तर त्या गाडीवर खालचे दोन थर पुरेत. भारतात फक्त थर्ड पार्टी किंवा थर्ड पार्टीसह आग-चोरी असंही घेता येतं, हे एजंट आपणहून क्वचित सांगतो.

याला एक अपवाद आहे, आणि तो माझ्या जिव्हाळ्याचा. जतन केलेल्या जुन्या मोटारसायकलीला घसाऱ्याचा तक्ता लावणं अन्यायाचं आहे, कारण तिची किंमत वयाबरोबर वाढलेली असते. अशा गाडीसाठी मान्य किमतीची पॉलिसी मागा. फोटो, दुरुस्तीच्या पावत्या आणि जाणकाराचं मूल्यांकन देऊन आकडा आधीच ठरवून घ्यायचा असतो. वर्षाला ठरावीक किलोमीटरच चालवायची अट मान्य केली, तर अशा पॉलिसीचा हप्ता पुष्कळदा रोजच्या गाडीपेक्षाही कमी निघतो.

चौथी पायरी: एकत्र की वेगळा

खरी बचत आणि खरी गोची, दोन्ही इथेच आहेत.

एकत्र पॉलिसीचं तत्त्व सरळ आहे. एक माणूस, तीन गाड्या, पण रस्त्यावर एका वेळी एकच. म्हणजे अपघाताचा धोका तिप्पट होत नाही. ब्रिटनमधल्या मल्टीबाइक पॉलिसीत कंपनी सहसा सगळ्यांत जोखमीच्या गाडीवर हप्ता बेतते आणि बाकीच्यांसाठी वर थोडी भर घालते. ऑस्ट्रियात हा विचार थेट नंबर प्लेटपर्यंत पोचला आहे: एकच प्लेट तीन गाड्यांपर्यंत आलटून-पालटून लावता येते आणि विम्याचा हप्ता त्यातल्या सर्वांत महागड्या गाडीचाच भरावा लागतो. जर्मनीत २०१२ पासून दोन गाड्यांसाठी अशी प्लेट मिळते. ज्या गाडीवर त्या वेळी ती प्लेट पूर्ण लावलेली नसेल ती सार्वजनिक रस्त्यावर उभीही करता येत नाही. अमेरिकेत साधारणपणे प्रत्येक गाडीचा हप्ता वेगळा काढून वर एकापेक्षा जास्त वाहनांची सूट देतात. भारतात विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये एकाच मालकाच्या अनेक वाहनांसाठी फ्लोटर, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच, अशा पॉलिसीला परवानगी दिली. त्यासाठी नोंदणीच्या कागदांवर मालकाचं नाव एकच हवं. एक गाडी वडिलांच्या आणि एक मुलाच्या नावाने असेल, तर दोन्ही एकाच घरात उभ्या असूनही उपयोग नाही.

आता बोनस. वेगळ्या पॉलिसी असतील तर एका गाडीवर कमावलेला बोनस साधारणपणे त्याच वेळी दुसऱ्या गाडीवर वापरता येत नाही. नवी गाडी शून्यापासून सुरू होते. एकत्र पॉलिसीत तोच बोनस सगळ्या गाड्यांवर पसरतो. कल्पनेतले आकडे घेऊ. तीन गाड्यांचे बिनसवलतीचे हप्ते १००, ७० आणि ४०. तुमच्याकडे ५० टक्के बोनस आहे, पण तो पहिलीवरच. वेगवेगळं घेतलं तर ५० अधिक ७० अधिक ४०, म्हणजे १६०. तोच बोनस तिन्हींवर मिळाला तर १०५. एकत्र पॉलिसी स्वस्त दिसते ती बव्हंशी यामुळे.

पण हीच दोरी उलटही ओढली जाते. एकत्र पॉलिसीत सगळ्यांत लहान गाडी पार्किंगमध्ये पडली आणि तुम्ही क्लेम केला, तर बोनस तिन्हींचा जाऊ शकतो. वेगवेगळ्या पॉलिसींत रोजच्या गाडीचा क्लेम झाला, तरी ठेवणीतल्या गाडीचा बोनस बहुधा सुखरूप राहतो. म्हणून माझा सल्ला असा: एक गाडी रोज दाटीवाटीत फिरत असेल आणि बाकीच्या ठेवणीतल्या असतील, तर रोजची वेगळी आणि उरलेल्या एकत्र, असंही दरपत्रक मागा. एकूण हप्ता थोडा जास्त निघाला तरी काही वर्षांचा हिशेब पुष्कळदा याच बाजूने झुकतो. सगळ्या गाड्या सारख्याच शांतपणे फिरत असतील तर सरळ एकत्र घ्या.

कंपनीला तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं ईमेलवर घ्या. एका गाडीच्या क्लेमचा परिणाम इतर गाड्यांच्या बोनसवर होतो का? वर्षाच्या मध्ये गाडी वाढवली किंवा काढली तर किती पैसे लागतात? गॅरेजला आग लागून तिन्ही गेल्या तर तिन्हींची भरपाई मिळते, की एका घटनेला वरची मर्यादा आहे? तिसरा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि एका छताखाली सगळ्या गाड्या ठेवणाऱ्याने तो विचारायलाच हवा.

पाचवी पायरी: दुप्पट भरणं बंद करा

काही कव्हर गाडीला चिकटलेलं असतं आणि काही माणसाला. माणसाचं कव्हर प्रत्येक गाडीवर पुन्हा विकत घेणं म्हणजे पाण्यात पैसे टाकणं. भारतातलं ठळक उदाहरण मालक-चालकाच्या सक्तीच्या वैयक्तिक अपघात विम्याचं आहे. किमान १५ लाखांचं हे कव्हर जानेवारी २०१९ पासून स्वतंत्रही घेता येतं, आणि ते एकदा असलं की दुसऱ्या-तिसऱ्या गाडीच्या पॉलिसीत पुन्हा घ्यावं लागत नाही. रिन्यूअलच्या फॉर्मवर तो चौकोन बरेचदा आधीच टिक केलेला असतो. आपल्याकडे हे कव्हर आहे असं लिहून द्या आणि टिक काढा.

रस्त्यावर बंद पडल्यावरच्या मदतीचंही तसंच. कुठल्याही गाडीवर असलात तरी मदत मिळेल असं एक सदस्यत्व घेतलं, की प्रत्येक पॉलिसीतली ती जोड काढता येते. हेल्मेट-जॅकेटचं कव्हरही एकाच पॉलिसीत ठेवा. अंगावर एका वेळी एकच हेल्मेट असतं.

सहावी पायरी: छोटे क्लेम आणि स्वतःचा वाटा

क्लेमच्या वेळी पहिली ठरावीक रक्कम मी भरेन, असं आपणहून मान्य केलं की हप्ता कमी होतो. यात अडचण इतकीच की तीन गाड्यांवर मान्य केलेले तीन वाटे एकाच दिवशी भरायची पाळी येऊ शकते. तेवढे पैसे बाजूला पडलेले असतील तरच वाटा वाढवा. ठेवणीतल्या गाडीवर तो मोठा ठेवायला हरकत नाही, रोजच्या गाडीवर मध्यम.

छोटा क्लेम करावा का, याचं उत्तर कागदावर काढता येतं. भारतातला बोनस स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही, आणि तो वर्षागणिक २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो. समजा तुम्ही ५० वर आहात आणि बिनसवलतीचा हप्ता १०० आहे. क्लेम केला नाही तर दरवर्षी ५० भराल. केलात तर पुढच्या पाच वर्षांत १००, ८०, ७५, ६५, ५५ भराल आणि मग पुन्हा ५० वर याल. जास्तीचे किती गेले? ५० अधिक ३० अधिक २५ अधिक १५ अधिक ५, म्हणजे १२५. म्हणजे एका वर्षाच्या पूर्ण हप्त्याच्या सव्वापट. एकत्र पॉलिसीत तिन्ही गाड्यांचा बोनस जात असेल, तर तिन्हींच्या हप्त्यांच्या बेरजेची सव्वापट. कंपनीकडून मिळणारी रक्कम याहून कमी असेल तर दुरुस्ती स्वतः करा. हा आकडा आजच काढून वहीत लिहून ठेवा, कारण गाडी आडवी पडलेली असताना गणित सुचत नाही.

सातवी पायरी: उभ्या गाडीचं काय

चार महिने चालवणार नाही म्हणून विमा बंद करायचा मोह होतो. थांबा. उभी गाडी चोरीला जाते, तिच्यावर झाड पडतं, तिला पाणी लागतं. शिवाय मध्येच पॉलिसी रद्द केली तर उरलेल्या महिन्यांचे पैसे त्याच प्रमाणात परत मिळतीलच असं नाही, आणि भारतात विमा संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू केला नाही तर साठवलेला बोनस जातो.

काही देशांत याची रीतसर सोय आहे. जर्मनीत १९९७ पासून हंगामी नंबर प्लेट मिळते. वर्षातले २ ते ११ महिने निवडायचे, ते प्लेटवरच छापलेले असतात, आणि हप्ता त्या महिन्यांपुरताच. अमेरिकेत हिवाळ्यापुरतं रस्त्यावरचं कव्हर थांबवून चोरी-आगीचं चालू ठेवता येतं. पण मध्येच छान ऊन पडलं म्हणून फेरी मारलीत, तर त्या फेरीला संरक्षण नाही. ब्रिटनमध्ये २०११ पासून नियम असा की गाडीला सतत विमा हवा, नाहीतर ती रस्त्यावर येणार नाही अशी नोंद वाहन खात्याकडे करायची. ती नोंद करून गाडी आत ठेवलीत तरी चोरी-आगीचा विमा चालू ठेवा.

आठवी पायरी: दरपत्रकं आणि तारखा

किमान तीन दरपत्रकं मागवा आणि तिन्हींना वहीतली तीच माहिती द्या: तीच किंमत, तोच स्वतःचा वाटा, त्याच जोडण्या. आयडीव्ही गुपचूप खाली ओढून हप्ता स्वस्त दाखवलेलं दरपत्रक पहिल्या नजरेला सगळ्यांत आकर्षक असतं. आधी विम्याची किंमत वाचा, मग हप्ता. गाडी रात्री बंद गॅरेजमध्ये असते असं लिहिलंत तर ती खरंच तिथे असायला हवी. रस्त्यावरून चोरी झाली तर पहिला प्रश्न तोच येणार. बदलही लपवू नका. सांगितलेल्या सायलेन्सरने हप्ता थोडा वाढतो, लपवलेल्याने क्लेम अडतो.

सगळ्या पॉलिसींच्या तारखा शक्यतो एका महिन्यात आणा. त्यासाठी एखादी पॉलिसी काही दिवस लवकर रिन्यू करावी लागली तरी चालेल. मध्ये एक दिवसाचीही फट नको. आणि प्रत्येक कंपनीकडे तुमचा चालू मोबाईल नंबर आहे ना, ते आजच फोन करून विचारा. माझं सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं.

गाडी विकलीत तर

विकलेल्या गाडीबरोबर बोनस देऊ नका. तो तुमचा असतो, गाडीचा नव्हे. नोंदणी खरेदीदाराच्या नावावर झाल्याची खात्री करा, कंपनीला कळवा आणि बोनस राखून ठेवल्याचं पत्र मागा. भारतात ते तीन वर्षं चालतं आणि त्या मुदतीत घेतलेल्या तुमच्या नव्या गाडीला लावता येतं. ब्रिटनमध्ये न वापरलेला बोनस बहुतेक कंपन्या दोन वर्षांपर्यंतच मानतात. पत्र आलं की त्याचा फोटो काढा, मूळ प्रत वहीत त्या गाडीच्या पानाला टाचा आणि वर त्याची शेवटची तारीख लाल पेनाने लिहा.